मामेसासऱ्यांचे मणके

जगात पाठ पुष्कळांची दुखते, पण पाठदुखी करावी ती माझ्या मामेसासऱ्यांनीच. बत्तीस वर्षं त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे घर बांधतात, भजनी मंडळात जातात. मामांनी कंबर धरली. कमरेच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या झिजल्याचं निदान झालं, त्या दिवशी लालबागच्या त्यांच्या चाळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. "चौथा आणि पाचवा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू दोन मुलगे बोर्डात आले आहेत. एमआरआयची फिल्म त्यांनी कपड्यांचे चिमटे लावून खिडकीच्या गजांवर टांगली होती, कारण मागून उजेड आला की गादी नीट दिसते. साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला आलेल्या पाहुण्यालाही आधी ती बघावी लागे, मग पाणी. मामी मूळच्या मालवणकडच्या. त्या म्हणत, "दुसऱ्यांच्या घरात देवाचो फोटो आसता, आमच्या घरात ह्येंचो सांगाडो."

माझं लग्न ठरल्यावर मला त्यांच्यासमोर नेण्यात आलं. मी काय करतो, कुठे राहतो, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "दिवसाला किती तास बसता?" एवढंच विचारलं. आठ-नऊ, असं मी म्हणालो. मग मला उभं करून त्यांनी माझ्या पाठीवरून मानेपासून खालपर्यंत अंगठा फिरवला आणि आतल्या खोलीला निकाल कळवला, "मुलगा चांगला आहे. पण चाळिशीनंतर त्रास देणार." माझी चाळिशी उलटली आहे. त्रास नक्की कोणाला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोचं म्हणणं, अंदाज बरोबर आला.

खरं म्हणजे परळच्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी साधं सांगितलं होतं. गाद्या झिजणं हे केस पिकण्यासारखं आहे, वयाबरोबर होतंच. रोज चाला, दिलेले व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, फार दुखलं तर गोळी घ्या. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. मामांना हा अपमान वाटला. "बत्तीस वर्षं क्लच दाबला मी," ते मला म्हणाले, "आणि हा माणूस सांगतो, चाला. चालायला डॉक्टर कशाला लागतो?" मग आपल्या दुखण्याच्या तोलामोलाचा उपचार शोधायला ते निघाले. ठाकूरद्वारच्या एका वाडीतले वैद्य पाठीवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल भरत आणि अर्धा तास पालथं पडून राहायला सांगत. उपचार छान होता, पण मामांना अर्धा तास गप्प पडणं जमेना. "जरा डावीकडे घ्या, गादी तिथे आहे," हे दाखवायला ते कोपरावर उठले आणि सगळं तेल वैद्यांच्या धोतरावर गेलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी ट्रॅक्शन लावलं, म्हणजे कमरेला पट्टा बांधून खाली वजन सोडलं, तर मामांनी आधी ब्रेक कुठे आहे ते विचारलं. मोबाइलवर कोणीतरी व्हिडिओ पाठवला की लोंबकळलं की मणके सुटे होतात. दुसऱ्या दिवसापासून मामा गॅलरीतल्या लोखंडी बारला लोंबकळू लागले. शेजाऱ्यांनी "मामा आहेत का?" असं विचारलं की मामी भाजी निवडता निवडता सांगत, "आसत ना. थंय टांगलेले आसत."

एकदा मणक्याजवळ इंजेक्शन घेतलं. त्याने कळ इतकी कमी झाली की पुढचे तीन महिने मामांचे फार वाईट गेले. बोलायला काही नव्हतं. ते हवामानावर बोलून बघत, क्रिकेटवर बोलून बघत, पण मन रमत नसे. त्या दिवसांत ते दादरच्या फूलबाजारात जाऊन उभे राहायचे आणि टोपल्या उचलणाऱ्यांना शिकवायचे, "गुडघ्यात वाका, कमरेत नाही." एका दणकट बाईने झेंडूची टोपली त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "असं? मग एकदा उचलून दाखवा, काका." मामा म्हणाले, "मला डॉक्टरांची मनाई आहे," आणि ताठ मानेने निघून आले. चौथ्या महिन्यात कंबर पुन्हा धरली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्यासारखं समाधान होतं.

दर रविवारी सकाळी माझी बायको त्यांना फोन करते. फोन स्पीकरवर ठेवून ती पोहे करते, नाश्ता आटोपते, कपडे वाळत घालते, तोवर मामांची पाठ चालू असते. गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या एका रविवारी ती दोन मिनिटांत फोन ठेवून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामांनी विचारलं, तू कशी आहेस."

"मग?"

"मग काय? बरं आहे म्हणाले, आणि तू कशी आहेस. आजवर कधी विचारलंय त्यांनी? आपण आत्ताच्या आत्ता जायचं."

गेलो. मामा खाटेवर नीट बसले होते. पाठ कशी आहे, असं विचारलं तर म्हणाले, "ठीक." मला ते ऐकवेना. चला, खाली पानपट्टीवर जाऊ, असं म्हणून मी त्यांना उठवलं. जिना उतरताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल वरच्याच पायरीवर राहिली आणि मामा तसेच आणखी चार पायऱ्या उतरले. त्यांना कळलंच नाही.

"मामा, चप्पल."

ते थांबले, आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कठडा धरून पायरीवर बसले. "पंधरा दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "पंजा वर उचलतच नाही. लोंबतो."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत? अहो, नख दुखलं तरी तुम्ही अख्ख्या लालबागला सांगता."

"ते सांगायला मजा येते, जावईबापू." त्यांनी लोंबता पंजा हाताने वर धरून बघितला. "आमच्या डेपोत एक जण होता. मणक्याचं ऑपरेशन करायला चालत गेला आणि खुर्चीत बसून परत आला. डॉक्टरकडे गेलो की ते कापायचं म्हणणार. आणि मी असा बसलो तर हिचं काय? आम्हाला मूलबाळ नाही."

वरून मामींचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या. "माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस ह्येंची चप्पल मीच जिन्यावरून उचलून आणतंय. म्हटलं, कधीतरी स्वतः सांगतील."

मामांनी मान खाली घातली. बत्तीस वर्षं शहराची गर्दी वाहिलेला तो माणूस मी पहिल्यांदाच इतका लहान झालेला पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टाचांवर चालायला सांगितलं. उजवी टाच टेकली, डावा पंजा आपटला. लघवीचा काही त्रास आहे का, ते विचारलं, नव्हता. नवीन फिल्म काढली. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या झिजेसाठी मी तुम्हाला कधीच हात लावला नसता. पण आता गादीचा तुकडा सरकून नस दाबतोय, पायातली ताकद चाललीय. आता थांबायचं नाही. लगेच यायला हवं होतं." ज्यांनी आजवर प्रत्येक डॉक्टरला तासभर प्रश्न विचारले होते, त्या मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र थोडी तरतरी परत आली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी लायसन्स किती वर्षांचं आहे ते विचारलं, आणि सर्जनना सांगितलं, "डावी बाजू आहे. उजवीकडे वळू नका." सगळे हसले. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "हिला चहा पाजा," ते म्हणाले. "सकाळपासून घेतलेला नाही."

ऑपरेशन नीट झालं. पायात जाणारी कळ गेली. पंजा हळूहळू, महिन्या-महिन्याने वर येऊ लागला. पुरता आला नाही, अंगठा अजून मागे राहतो. पाठ दुखायची ती दुखतेच, कारण झिजलेली गादी झिजलेलीच राहणार, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेले व्यायाम मामा आता गॅलरीत चटई टाकून रोज करतात, मोठ्याने आकडे मोजत, आणि संध्याकाळी चालायला जातात. पाठीची तक्रार घेऊन कोणी आलं की फक्त एवढंच सांगतात, "दुखलं तर घाबरू नका, चालत राहा. पण पाय लुळा पडला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझ्यासारखे बसू नका." लोकांना यात काही रस वाटत नाही. दहा मिनिटांत उठून जातात. रविवारचा फोनही आता लवकर संपतो. बायको कधी कधी मुद्दाम विचारते, "मामा, सांगा ना, कुठे दुखतंय?" ते म्हणतात, "दुखतंय गं. त्यात काय सांगायचं?" मग ती अर्धे निवडलेले पोहे पुढ्यात घेऊन जरा वेळ तशीच बसते.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याबरोबर परळच्या बागेत चालायला गेलो होतो. मामा पुढे, हात मामींच्या खांद्यावर. डावा पंजा जमिनीवर किंचित आपटत होता. मामींनी चाल इतकी मंद केली होती की आम्हाला मागे थांबून थांबून चालावं लागत होतं. एका वळणावर मामा माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हिचे गुडघे गेलेत. हिच्यासाठी सावकाश चालावं लागतं."

मामींनी ते ऐकलं. नुसता पदर सारखा केला आणि खांदा त्यांच्या हाताखाली पुन्हा नीट आणला.