पांढरी चादर

दुकानात चादरींच्या रॅकसमोर उभी राहिले की मला अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातली ती संध्याकाळ आठवते. माझं मास्टर्स संपत आलं होतं आणि स्थळांना पाठवायला आईला फोटो हवा होता. ज्यांच्या घरात मी भाड्याने राहायचे, त्या काकूंनी मला बॅकयार्डमध्ये मेपलच्या सावलीत उभं केलं. "दुपारच्या उन्हात काळी दिसली असतीस. आता बघ, अगदी गोरज मुहूर्ताचा उजेड!" नुकत्याच कापलेल्या गवताचा वास सुटला होता. समोर उतरत्या उन्हात काका पांढरी चादर ताणून उभे होते, तिच्यावरचा उजेड माझ्या तोंडावर पडावा म्हणून. काकूंनी फोनवर फोटो दाखवला, "उजळलीस की नाही?" फोटो पाहून एका स्थळाचा मुलगा खूश झाला, पण भेटायला आला भर दुपारी. कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "फोटोत लाइट मस्त होता हां." त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "नाही म्हणाले गं. पण फोटो फार आवडलाय त्यांना. कोणी काढला विचारत होते, त्याच्या बहिणीचा काढून घ्यायचाय." चादर मी आजही गडद निळीच घेते.