त्यालाही पुसता न येणारे

डॉक्टरांनी बाहेर येऊन पत्नी गेल्याचे सांगितले, त्यानंतर मी प्रार्थना केली. आधी नव्हे, नंतर. हे झालेले नसू दे, एवढेच मागितले. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. सर्वशक्तिमान देवालाही घडलेली गोष्ट न घडलेली करता येत नाही आणि त्यात त्याला कमीपणा नाही, कारण त्या मागण्यालाच अर्थ नाही, हे वर्गात शांतपणे समजावून सांगणारा मी दवाखान्याच्या बाकावर बसून नेमके तेच मागत होतो.

पुढच्या दिवसांतला फक्त थकवा आठवतो. घरात सुतक, म्हणून आमच्या देवांची पूजा समोरच्या फ्लॅटमधल्या सुमनताई करत. सकाळी येत, देवांना आंघोळ घालत, दिवा लावत आणि निघून जात. सुतक संपले, नातेवाईक परतले, तरी माझा हात देवघराकडे वळेना. देवाला तर्काचे बंधन असेल, तर त्याच्याकडे मागायचे कशाला? आणि नसेल, तर शक्य असूनही ज्याने केले नाही, त्याला फुले कशी वाहायची? पहाटे मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकचे आवाज सुरू झाले की हाच प्रश्न घेऊन मी उठे.

शेवटी देव कुणा श्रद्धाळू माणसाला देऊन टाकायचे ठरवले. सुमनताईंनाच विचारले, कुणी घेईल का?

"भांडण तुमचं आहे ना सर? मग आंघोळ त्यांनी का चुकवायची?" असे म्हणून त्या पदर खोचून देवघरापुढे बसल्या. एकेक मूर्ती धुऊन, पुसून माझ्या हातात देऊ लागल्या. मी ती कापडात गुंडाळत होतो. अन्नपूर्णेपाशी त्या थांबल्या.

"ही वहिनींनी लग्नात माहेराहून आणलेली. हीसुद्धा द्यायची?"

"आणणारीच राहिली नाही."

"नाही राहिल्या. पण आणली होती ना? ते काही कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही."

त्या नेहमीच्या तुटक सुरात बोलल्या आणि पुढची मूर्ती उचलली. मी मात्र तसाच बसून राहिलो. घडलेले पुसता येत असते, तर तिचे जाणेच तेवढे पुसले गेले असते असे थोडेच? ती या घरात आली, वाटीभर तांदळांवर ही मूर्ती ठेवली, माझ्या शंकांना वर्षानुवर्षे हसली, हेही कधीतरी पुसले जाऊ शकले असते. ज्या बंधनावर मी चिडलो होतो, त्यानेच तिचे असणे राखून ठेवले होते. ते बंधन देवावर आहे की त्याने आपणहून घालून घेतले आहे, मला ठाऊक नाही. मी मूर्ती हातात घेऊन रडलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. सुमनताई चहा टाकायला उठल्या.

मला दर्शन झाले नाही, दृष्टांत झाला नाही. एक शेजारीण थोडे तिखट बोलली, एवढेच. ते शब्द नेमके त्या वेळी त्यांच्या तोंडी कुणी घातले, हे मी तपासायला जात नाही.

दुःख कमी झालेले नाही. थकवाही आहे. सकाळी देवांना आंघोळ घालतो, मागत काही नाही. पुढचे सगळे त्याच्यावर सोडले आहे. ती होती, एवढे त्याने मला दिले, आणि आता ते त्यालाही परत घेता येणार नाही. त्यासाठी हात जोडतो.