आतून बांधलेला हार

गाडी पहिल्यांदा तापली ती द्वारका चौकात, ऐन संध्याकाळी. काटा चढत चढत लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि मागच्या रिक्षावाल्यापासून शेजारच्या बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या अंगात एकदम मेकॅनिक संचारला. "मॅडम, क्लचवर पाय ठेवूनच चालवता काय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "शिकाऊ असतील, जाऊ द्या." पन्नाशीला आलेली बाई मी, लायसन नुकतंच हातात पडलेलं. तोंड कुठे लपवावं कळेना.

घरी नवऱ्याने तेच ऐकवलं. "क्लच जाळतेस, दुसरं काय!" पुढच्या आठवड्यात ऑफिसहून येताना मुंबई नाक्याला परत तसंच झालं. मग रविवारी तो स्वतः गाडी घेऊन हायवेने पिंपळगावला गेला आणि परत आला. काटा निम्म्यावरून तसूभरही हलला नव्हता. "बघ," तो म्हणाला, "माझ्या हातात कशी शहाण्यासारखी चालते." चावी त्याने टीव्हीमागच्या खिळ्याला अडकवली. काढून घेतली असं कुणी म्हणालं नाही, पण मला कळायचं ते कळलं. आणि खोटं कशाला बोलू, माझा माझ्यावरचा विश्वासच उडाला. परत ऑफिसला रिक्षाने जायला लागले. पार्किंगमधून जाताना गाडीकडे बघायचंही टाळायची मी.

त्याच दिवसांत आई आमच्याकडे राहायला आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आई मखमलाबादकडच्या मळ्यातली. झेंडू, शेवंती लावायची आणि पहाटे फुलबाजार गाठायचा, यातच तिचा जन्म गेला. आमच्या घराण्यात स्टेअरिंग धरणारी मी पहिली बाई, याचं तिला भारी कौतुक. दसऱ्याला गाडीसाठी मनगटाएवढा जाड हार तिने स्वतः ओवून आणला होता, तोही नायलॉनच्या दोऱ्यात. मळ्यातल्या ट्रॅक्टरला ती बांधते तसाच बांधला. बॉनेट उघडायला लावलं आणि दोन्ही टोकं आत घेऊन आडव्या पट्टीला गाठवली. "आतून बांधला का वाऱ्यानं उडत नाय, कुणी वढून नेत नाय," ती म्हणाली होती.

आता तिला डोळे दाखवायला न्यायची वेळ आली, तर म्हणते, "तूच ने. आमची पोरगी गाडी चालवती, असं मी डॉक्टरला सांगून बसलीय." नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मी सोडतो ना आई, हिचं राहू द्या." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! उठले, खिळ्यावरची चावी काढली आणि म्हटलं, "चला खाली. गाडी माझ्या हातात का तापते ते आज बघूच."

सकाळची वेळ, इंजिन थंडगार. आईसाठी खाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. कूलंटच्या टाकीत पातळी खाली गेली होती, ती भरली. गाडीखाली पुठ्ठा सरकवला, कुठून गळतंय का ते बघायला. पुठ्ठा कोरडाच. मग गाडी जागेवर चालू ठेवली आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा निम्म्यावर आला, पुढे सरकला, आणखी वर गेला. "मी क्लचला पाय लावलाय का?" मी विचारलं. नवऱ्याने वाकून माझे पाय पाहिले. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी तापली, मग पुढचा पंखा घरघरत का नाही? हायवेला समोरून वारा लागतो, तिथे पंख्याचं अडत नाही. सिग्नलला गाडी उभी राहते, तिथे पंखा नसला की संपलं. ती माझ्या हातात तापत नव्हती, गर्दीत तापत होती!

गाडी बंद करून निवेपर्यंत थांबलो. मग मोबाइलचा उजेड मारून रेडिएटरमागे पाहिलं. पंख्याच्या मधल्या दांड्याला नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला होता आणि त्यात वाळक्या झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. पंखा जागचा हलत नव्हता, जोर लावून लावून फ्यूज उडाला होता. नवऱ्याने कात्रीने दोरा कापून काढला, फ्यूजच्या डब्याच्या झाकणातला जादा फ्यूज बसवला. गाडी परत चालू केली. काटा चढला आणि घर्रकन पंखा सुरू झाला. काटा मुकाट खाली आला.

मला काय चेव चढला, सांगते! तो गुंता हातात धरून मी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं ओरडले, "बघा, बघा क्लच! आईच्या हाराचा दोरा हा! सतरा वेळा सांगितलं असेल, एवढी जाड माळ नको, आत बांधू नको, पण ऐकेल तर ना! उगीच बोलणी मी खाल्ली!"

सांगितलं तर एकदाही नव्हतं.

आई उठली. काळा चष्मा वर करून तिने दोरा जवळून पाहिला, मग वाकून बॉनेटखालीही पाहिलं. "माझाच हाय," एवढंच म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर, मान खाली. ज्याच्याशी मी इतके दिवस भांडत होते तो माझा नवरा तिला म्हणाला, "अहो आई, होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्याला सुचलं, पोटच्या पोरीला सुचलं नाही. त्याने चावी माझ्या हातात दिली आणि हात धुवायला वर गेला.

बॉनेट लावायला मी पुढे झाले तेव्हा मला ती दिसली. आईची गाठ. पट्टीला जशीच्या तशी, घट्ट. सुटली नव्हती की सैल झाली नव्हती. मग आठवलं. हार सुकल्यावर तो वाळका पसारा ऑफिसात न्यायला मला लाज वाटली होती. मीच घाईघाईत पुढची फुलं कात्रीने कापली होती आणि लोंबणारे दोरे बरे दिसत नाहीत म्हणून बोटाने बॉनेटच्या आत सारले होते. मी. मेलं, तेव्हाच्या तेव्हा बोलायला हवं होतं. पण चावी नुकतीच हातात आली होती. मी बॉनेट लावून टाकलं.

आईला दवाखान्यात मीच नेलं. ती मागे बसली. सिग्नलला पंखा घरघरला की ती पुढे वाकून माझ्याकडे बघायची. "माझ्यामुळं नाय ना गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं." शरमेने जीव अर्धा झाला, पण पुढचं वाक्य काही तोंडातून निघेना.

यंदा दसऱ्याला ती दारासाठी तोरण घेऊन आली आणि गाडीसाठी ओंजळभर सुटी फुलं. "हार नको आता," म्हणाली. मला राहवलं नाही. तिला हाताला धरून खाली नेलं, बॉनेट उघडलं, गाठ दाखवली. "आई, तुझी गाठ सुटलीच नव्हती. दोरा मी कापला होता, मीच आत सारला होता."

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "तवाच बघितलं मी. माझी गाठ मला कळत नाय व्हय? गाडीत इचारलं ते तू सांगती का बघाया."

"मग बोलली का नाहीस?"

"जावई हुबे व्हते ना तिथं," ती म्हणाली. "तुझी चावी परत खिळ्याला गेली असती."