पणजोबांची बादली

माझे पणजोबा विकेटकीपर होते, हे इथे आयर्लंडमध्ये, लिक्सलिपच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यांचे भाऊ आखाड्यात नाहीतर हुतुतूच्या मैदानात; हे एकटेच नागपुरात क्रिकेटच्या नादी लागलेले. साहेबांच्या संघाविरुद्ध खेळताना, भुरभुर पावसात, शेवटच्या जोडीचा झेल त्यांच्या हातून निसटला आणि सामना गेला. सगळे ओल्या चेंडूला नावं ठेवत होते. पणजोबा म्हणाले, "चेंडूला बोल लावू नका. माझ्या हातांना सवय नव्हती."

दुसऱ्या दिवशी अंगणात पाण्याची बादली आली. चेंडू बुडवायचा, कुणीतरी फेकायचा, यांनी झेलायचा. खेळणं सुटेपर्यंत पावसात त्यांच्या हातून पुन्हा झेल गेला नाही. पुढे मुलं, नातवंडं, घरात आलेली सूनसुद्धा त्या बादलीतून सुटली नाही. मीही नाही. हात सुजायचे आणि मी पणजोबांना मनातल्या मनात शिव्या घालायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात माझे वडील, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, इथे ल्यूकनला आमच्या घरी आले. माझ्या मुलीचा निवडीचा सामना होता. कीपरची जागा एक, दावेदार दोघी. रिमझिम सुरू होती. बाकीचे लोक टॉवेलने चेंडू पुसत होते, आणि आबा मैदानाच्या कडेला बादलीत बुडवत होते!

"आबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," मुलगी म्हणाली.

"कोरडा बॉल तं कोनीबी झेलते," म्हणून आबांनी फेकलाच.

"हूज युअर मॅन विथ द बकेट?" कोचने मला विचारलं. इकडे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस'.

"माझे वडील," मी छाती काढून सांगितलं.

दुसरी मुलगी चांगली कीपर होती, पण तिच्या ग्लव्हजमधून ओला चेंडू सटकला. मग आमचीची पाळी. बॅटची कड घेऊन चेंडू पाणी उडवत खाली आला आणि तिने झेप घेतली. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा चेंडू तिच्या हातात होता.

जागा तिला मिळाली. हे कुठे शिकलीस, असं कोचने विचारलं, तर ती म्हणाली, "वी ड्रॉप्ड वन वन्स."

आबांनी माझी बाही ओढली. "काय म्हनते पोट्टी?"

"म्हणते, एकदा आपल्या हातून झेल सुटला होता."

आबांचे डोळे भरून आले. माझेही. सामान आवरताना बादली उचलायला मी वाकलो, तर मुलीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत गाडीपर्यंत स्वतः नेली.