ल्हामोबाईचा अर्धा कप

कुडाच्या पलीकडे नवरा-बायको भांडत होते आणि अलीकडे ल्हामो दुधाचा गडू घेऊन उभी होती. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये, हे तिच्या मुलखातही शिकवतात. पण त्यात आपलंच नाव आलं की पाय कुठले हलतात?

"अर्धा कप तसाच ठेवून गेली," सत्यभामाबाई म्हणत होती. "माह्या घरचा चहा का इटाळला होता?"

"अवो, तिले गोड नसन आवडला," कवडू म्हणाला. "त्याइच्यात मीठ टाकून पेतेत म्हणे."

"मीठ टाकून पेवो नाही तं मिरची टाकून. तोंड लावून ठेवाचं कायले? परक्या मुलखातली म्हणून पाटावर बसवलं तिले. आता तिच्या बांधीत माह्यी एक बाई रोवण्याले जाणार नाही, सांगून ठेवतो."

ल्हामोला त्यातलं अर्धंमुर्धं समजलं. दूध न घेताच ती माघारी फिरली.

गोठणगावच्या बाजूला तिबेटी कॅम्प बसून तेव्हा थोडीच सालं झाली होती. बर्फातली माणसं ती. त्यांना जमीन मिळाली आणि तिच्यासोबत इकडचं ऊनही मिळालं. पहिल्याच उन्हाळ्यात ल्हामोची म्हातारी आई गेली. जमीन धानाची, पाणी साचवलेल्या बांध्यांची, आणि या लोकांनी जन्मभर जव पेरलेले. चिखलात वाकून रोप लावायचं ते सत्यभामाबाईच्या हाताखालच्या रोवणाऱ्या बायांनीच. त्या आल्या नाहीत तर रोपं जागच्या जागी जून होणार, आणि साल उपाशी.

पण आपलं चुकलं काय, हेच ल्हामोला उमगेना. तिच्याकडे पाहुण्याचा कप रिकामा होऊ देत नाहीत. दोन घोट घेतले की घरची बाई पुन्हा भरते. पाहुण्यानं तळ दाखवला म्हणजे तो निघाला. म्हणून ती अर्धा कप ठेवून वाट पाहत बसली होती. सत्यभामाबाई काही ओतेना. ही आपल्याला ऊठ म्हणते, असं समजून ती जड मनानं उठली होती. दोघी एकमेकींवर रुसलेल्या, आणि बोलणी खाल्ली बिचाऱ्या कवडूनं.

आषाढ लागला. बाया आल्या नाहीत. ल्हामो नवऱ्याला घेऊन स्वतःच बांधीत उतरली आणि मेथीची जुडी खोचावी तशी रोपं खोचू लागली. सत्यभामाबाई बांधीकडेच्या धुऱ्यावरून चालली होती. ती मान फिरवून पुढे गेली, थांबली, पुन्हा मागे आली. तिचं भांडण बाईशी होतं, धानाशी नव्हतं.

"काय करून राहिली व? चार काड्या घे, चार. मोळी बांधतं का धानाची?"

लुगडं खोचून ती उतरलीच. पाठोपाठ तिच्या बायाही उतरल्या.

दुपारी झाडाखाली ल्हामोनं थर्मास उघडला. लोणी-मिठाचा चहा. सत्यभामाबाईनं वास घेतला आणि डोळे मिटून अख्खा कप रिचवला. "आमी उष्टं ठेवत नाही," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

ल्हामोनं कप भरला. सत्यभामाबाईनं तोही संपवला. पुन्हा भरला. चौथ्या कपाला तिच्या कपाळावर घाम फुटला. तिनं कपावर हात ठेवला. "जीव घेतं का व माहा? संपवला का भरतंच."

ल्हामो हसली. तिनं आपला भरलेला कप खाली ठेवला, त्याच्याशेजारी बसकण मारून दाखवली. मग कप रिकामा करून उलटा केला आणि रस्त्याकडे बोट केलं.

सत्यभामाबाईनं तो कप उचलून सुलटा केला.

"म्हंजे त्या दिवशी तुले अजून बसाचं होतं," ती म्हणाली. "अन म्या कप भरला नाही, घासाले नेला."

त्यानंतर ल्हामोची 'ल्हामोबाई' झाली. हिवाळ्यात ती नागपूरला स्वेटर विकायला जायची, पण रोवण्याला बांधीतच असायची. कॅम्पातले म्हातारे तिला टोकायचे, तुझ्या चहाला गूळ लागला. गावातली पोरं तिला अजून चीनची म्हणायची. ती दोन्हीकडे हसायची. आपल्या डोंगरांचं नाव मात्र तिच्या तोंडून क्वचितच निघे, आणि निघालं की सत्यभामाबाई उगीच चुलीतली लाकडं सारखी करत बसे.

पंच्याऐंशीच्या थंडीत खोकल्यामुळं ल्हामोबाई नागपूरला गेलीच नाही, आणि त्याच खोकल्यानं वारली. आदल्या सांजेला नेहमीसारखी गडू घेऊन आली होती. कवडूनं दूध घातलं. सत्यभामाबाईनं चहा दिला. ल्हामोबाईनं दोन घोट घेतले, सत्यभामाबाईनं कप पुन्हा भरला. पुन्हा दोन घोट झाले. बोलणं गुरांसाठीच्या धानाच्या तणसाचं चाललं होतं, तेही अर्ध्यावर राहिलं.

"येतो," ती म्हणाली आणि अर्धा कप पाटाजवळ ठेवून उठली.

"राहू दे तिथंच," कप उचलायला वाकलेल्या कवडूला सत्यभामाबाई म्हणाली.