शुद्ध बोल, आई

डॉक्टरांना मी खोटी वेळ सांगितली. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं, म्हणून तेच आधी लिहिलं.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीत, संध्याकाळचे पाच वाजले होते. आई स्ट्रेचरवर होती. उजवा हात लुळा, ओठांचा कोपरा खाली आलेला. सीटी स्कॅन बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "इस्केमिक स्ट्रोक आहे." म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकलेली. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"दीड वाजता," मी म्हणालो. "जेवताना."

आई त्या दिवशी जेवलीच नव्हती.

त्याआधी महिनाभर मी रोज सकाळी तिच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करत होतो. तिचं माहेर पैठणकडचं. जायकवाडीचं धरण झालं तेव्हा गाव पाण्यात गेलं. तिच्या भावंडांपैकी आता कुणी नाही. ते गाव फक्त तिच्या बोलण्यात उरलं होतं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीला ते ऐकता यावं, असं मला वाटत होतं.

पण मी आईला धड बोलू देत नव्हतो. "लई नाही, खूप म्हण. व्हय नाही, हो." बोलीतले तुकडे पुसून टाकायचो आणि तेच पुन्हा तिच्याकडून वदवून घ्यायचो. एकदा ती वैतागली. "मंग तूच सांग की रं! गाव माझं बुडालं का तुझं?"

त्या सकाळी दहाला ती गाव सोडल्याचा दिवस सांगत होती. बैलगाडीत जातं चढवलं, हे सांगताना अडली. "ते... दळायचं... ते रं..." मला वाटलं, माझ्या धाकानं शुद्ध शब्द शोधतेय. मी म्हणालो, "नीट बोल आई. शुद्ध बोल." तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर भलताच शब्द आला. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मी चिडून रेकॉर्डिंग बंद केलं, तिला पडायला सांगितलं आणि ऑफिसला गेलो.

साडेतीनला माझी बायको तिच्या शाळेतून घरी आली. आईला उठवायला गेली आणि तिनं मला फोन केला.

डॉक्टर समजावत होत्या. "साडेचार तासांच्या आत असेल तर थ्रॉम्बोलिसिस करता येतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पण उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दीडची वेळ नक्की ना?"

संमतीचा कागद पुढे आला. पेन हातात. सही केली तर माझी चूक झाकली जाणार होती आणि कदाचित आई जाणार होती.

मी पेन ठेवलं, फोन काढला आणि सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. कॅज्युअल्टीत माझाच आवाज घुमला, शुद्ध बोल. डॉक्टरांनी स्क्रीनवरची वेळ बघितली. "सुरुवात इथेच आहे," त्या म्हणाल्या. "आता इंजेक्शन नाही देता येणार." गुठळी बारीक नळीत होती, त्यामुळे तार घालून काढण्याचाही मार्ग नव्हता. बायको माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. माणसाचं बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर घड्याळ बघा आणि लगेच दवाखाना गाठा. थकवा असेल, झोपेनं बरं वाटेल, असं म्हणत बसू नका. आणि वेळ खरी सांगा.

चार दिवस आई आयसीयूत होती. मेंदूची सूज वाढली तर ऑपरेशन, असं बजावलं होतं. आतून कुणाचंही नाव पुकारलं की मी उठून उभा राहायचो. पाचव्या दिवशी सूज उतरू लागली. पण एमआरआयनंतर नवा शब्द कळला, अफेजिया. समोरच्याचं बरंच कळतं, पण स्वतःचे शब्द सापडत नाहीत.

वॉर्डात स्पीच थेरपिस्ट आल्या. म्हणाल्या, "घरी त्या जसं बोलतात, तसंच त्यांच्याशी बोला. त्यांचं जुनं रेकॉर्डिंग आहे का?" होतं, पण त्यात तिचं बोलणं मी ठेवलंच नव्हतं.

मी विचारलं, "आई, तुला पाणी हवं आहे का?" ती नुसती बघत राहिली.

बायको लासूर स्टेशनची, आईसारखीच गावाकडची बोली बोलणारी. ती पुढे झाली. "आत्याबाई, पाणी पायजे का? का च्याच पायजे तुम्हाला?"

आईचा ओठ हलला. खूप वेळ लागला. "च्या."

"बघा! एवढ्या लोकांला घोर लावला न् च्या पायजे!" असं म्हणून बायको हसली, मग रडली, आणि चहा देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला बाहेर गेली.

मी स्टूल ओढून आईजवळ बसलो. गावाची गोष्ट तिला पुन्हा सांगता येईल की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आजही ती अर्धीच सांगता येते. मी तिचा लुळा हात धरला.

"आई, तुझं काही चुकत नव्हतं. तू मदत मागत होतीस आणि मी तुझी भाषा सुधारत बसलो. लाज वाटली म्हणून डॉक्टरांशीही खोटं बोललो. तुझा जीव घेतला असता मी. माझं चुकलं आई. मला माफ कर."