भट्टीतली कानबाई

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या आमच्या मोठ्या जाऊबाईंना कला झाली. कावीळ व्हावी तशी झाली आणि पथ्यपाण्याने बरी होईना. त्यांचा भाऊ अमेरिकेहून रंगीत मातीची पाकिटं घेऊन आला होता. ही माती लोण्यासारखी मळायची, हवा तो आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजली की ती प्लॅस्टिकसारखी कडक होते, असं जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. माती मळायची ती पोळपाटावर. दुपारी त्याच पोळपाटावर पोळ्या लाटायच्या आणि आम्ही गेलो की त्या मुकाट्याने खायच्या.

त्यांनी हंस केला, त्याला बदक म्हटलं असतं तर बदकं रुसली असती. केळीचा घड केला, तो सुजलेल्या बोटांसारखा दिसे. जळगावात जन्म काढून केळी चुकायची, याला मात्र खरंच कला लागते. शेपटी, चोच, डोळे वेगवेगळे भाजून मग चिकटवायचे, त्याला त्या ‘असेंब्ली’ म्हणत. भाजायला घरात गोल ॲल्युमिनियमचा, काचेच्या झाकणाचा ओव्हन होता. त्यात केक वरून करपे आणि आतून कच्चा राही. पाकिटावर आच किती ठेवायची ते स्पष्ट छापलेलं होतं. जाऊबाई इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या, त्यामुळे त्यांना वाचायची गरज वाटत नसे.

हंसापुरतं सगळं ठीक होतं, आपण हसून सोडून देतो. पण त्या वर्षी कानबाई त्यांच्याकडे यायची होती.

आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं आणि पुजायचं. सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायची, बुडवायची आणि घरी परत आणायची. आमचा नारळ सासूबाईंना त्यांच्या सासूने दिलेला. आतून पार सुकलेला, वरून हात फिरून फिरून काळा झालेला. सासूबाई तो वर्षभर मऊ फडक्यात गुंडाळून धरणगावच्या आमच्या घरी डब्यात जपत. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि कानबाई थोरल्या सुनेकडे द्यायची आमची रीत. ती आपल्या हातून धड पुढच्या हातात जावी, एवढीच त्यांची काळजी होती. शनिवारी मी त्यांना एसटीने जळगावला घेऊन आले. वाटभर डबा त्यांच्या मांडीवर होता.

जाऊबाईंनी डबा उघडला आणि नाक मुरडलं. कॉलनीतल्या बायका दर्शनाला येणार, त्यांच्यापुढे असं काळं खेडवळ ध्यान कसं ठेवायचं? मेणाच्या नाकाला आणि काजळाच्या डोळ्यांना आता कोण विचारतं? त्यांनी मातीचं नाक, डोळे, ओठ आणि नथ केली. नाक असं की सिनेमातल्या नटीने मागून न्यावं. ते सगळं वेगळं भाजलं, पण नारळाच्या खडबडीत कवचावर काही टिकेना. मग या विदुषींनी खाली ओल्या मातीचा थर थापला, त्यात नाक-डोळे रोवले आणि अख्खी कानबाई ओव्हनमध्ये ठेवून बटण पूर्ण फिरवलं. मी म्हटलं, “ताई, देवीला भाजतात का?” त्या म्हणाल्या, “तुला यातलं काय कळतं?”

सासूबाई बाहेरच्या खोलीत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत होत्या. आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, मागून खोबरेल तेलाचा.

“काय जळस वं?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आत फाडकन आवाज झाला. त्या भिंतीला धरून आल्या तेव्हा जाऊबाई सांडशीने करवंट्या बाहेर काढत होत्या. नारळ उभा चिरला होता आणि खोबऱ्याचा कोळसा झाला होता. रेखीव नाक वितळून हनुवटीवर आलं होतं.

“आई, नारळच तर आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “बाजारात हवे तेवढे मिळतात.”

करवंट्या गरम होत्या तरी सासूबाईंनी त्या पदरात घेतल्या. मला जाऊबाईंच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

रविवारी बाजारच्या नारळावर नवं नाक चढलं, या खेपेला दोऱ्याने बांधून. कॉलनी लोटली. “बाई, किती रेखीव!” जाऊबाई मान डोलवत माती भाजण्याची कृती सांगत होत्या. सासूबाई मागच्या खोलीत बसून राहिल्या. सोमवारी सगळे मेहरुणच्या तलावावर गेले, तेव्हाही त्या उठल्या नाहीत.

मंगळवारी आम्ही एसटीने परत निघालो, करवंट्या फडक्यात बांधून सासूबाईंच्या मांडीवर. बांभोरीचा पूल आला, खाली गिरणा भरून वाहत होती. फुटलेलं घरात ठेवू नये म्हणतात. मी हळूच विचारलं, “आई, नदीत सोडायचं का?”

जो राग त्यांनी थोरलीवर काढला नव्हता, तो सगळा त्यांच्या डोळ्यांत आला.

“मरी गयी का ती?”

मी खाली मान घातली. पूल मागे पडला. मग त्यांनी फडकं सोडलं आणि दोन्ही करवंट्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

“आते तूच कानबाई बसाडजो,” त्या म्हणाल्या. “फुटी गयी शे, ते फुटेलच बसाडजो.”